दूरदेशीचे आकडे, घरातले समभाग

१३ सप्टेंबर २०२२, मंगळवार. मुंबईचा शेअर बाजार दुपारी साडेतीन वाजता बंद झाला, तेव्हा सेन्सेक्स साठ हजारांच्या वर होता आणि गुंतवणूकदार समाधानात होते. त्याच सायंकाळी सहा वाजता, म्हणजे अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर सकाळचे साडेआठ वाजले असता, तेथील श्रम सांख्यिकी विभागाने ऑगस्ट महिन्याचा ग्राहक किंमत निर्देशांक प्रसिद्ध केला. महागाईचा वार्षिक दर ८.३ टक्के निघाला. आदल्या महिन्याच्या ८.५ टक्क्यांपेक्षा तो कमीच होता. परंतु अर्थतज्ज्ञांचा सर्वसाधारण अंदाज ८.१ टक्क्यांचा होता. दोन दशांश टक्क्यांच्या या फरकाने त्या दिवशी अमेरिकेतील नॅसडॅक निर्देशांक ५ टक्क्यांहून अधिक कोसळला.

दुसऱ्या दिवशी आपल्याकडे जे घडले ते अधिक बोलके आहे. सेन्सेक्स सकाळी हजाराहून अधिक अंशांनी खाली उघडला. पण दिवसभरात सावरला आणि अखेरीस केवळ २२४ अंशांच्या घसरणीवर बंद झाला. माहिती तंत्रज्ञान कंपन्यांचा निर्देशांक मात्र सावरला नाही. तो ३ टक्क्यांहून अधिक खाली राहिला. या कंपन्यांचे एकही कंत्राट त्या रात्रीत रद्द झाले नव्हते, एकही अभियंता काम सोडून गेला नव्हता, नफ्यातोट्याचा कोणताही हिशेब जाहीर झालेला नव्हता. तरीही त्यांच्या भागधारकांची संपत्ती एका परदेशी आकड्याने कमी केली. हे का घडले आणि अशा वेळी सामान्य भागधारकाने काय करावे, हा प्रश्न आज लाखो मध्यमवर्गीय घरांचा आहे.

नाते जुने आहे

आपल्याकडील माहिती तंत्रज्ञान उद्योगाचे उदाहरण म्हणून इन्फोसिसकडे पाहता येईल. १९८१ साली सात सहकाऱ्यांनी पुण्यात ही कंपनी स्थापन केली. प्रारंभीचे भांडवल दहा हजार रुपये होते. १९८३ साली तिचे मुख्यालय बंगळुरूला गेले. १९९३ साली ९५ रुपये भावाने तिचे समभाग जनतेसमोर विक्रीस आले, तेव्हा त्यांना पुरेसे खरेदीदारही मिळाले नाहीत. १९९९ साली हीच कंपनी नॅसडॅकवर नोंदणी मिळविणारी पहिली भारतीय कंपनी ठरली. ज्यांनी आरंभीचे समभाग जपून ठेवले, त्यांच्या कथा पुण्यापासून धारवाडपर्यंत आजही सांगितल्या जातात.

या यशाची एक बाजू मात्र कथांत येत नाही. इन्फोसिसच्या उत्पन्नाचा निम्म्याहून अधिक भाग उत्तर अमेरिकेतून येतो. टीसीएस आणि या क्षेत्रातील इतर मोठ्या कंपन्यांचीही सर्वांत मोठी बाजारपेठ तीच आहे. त्यातही बँका, विमा कंपन्या व वित्तसंस्था हे सर्वांत मोठे ग्राहक आहेत. म्हणून मार्च २०२३ मध्ये अमेरिकेतील सिलिकॉन व्हॅली बँक बुडाली, तेव्हा तिच्याशी व्यवहार असो वा नसो, आपल्या माहिती तंत्रज्ञान समभागांवर विक्रीचा दबाव आला. कंपनीचा कारखाना म्हणजे तिची माणसे भारतात, पण गिऱ्हाईक सातासमुद्रापार, असा हा व्यवसाय आहे. गिऱ्हाईकाच्या घरची आर्थिक बातमी म्हणूनच येथे पोहोचते.

परिणामाच्या तीन वाटा

आर्थिक अहवालाचा परिणाम तंत्रज्ञान समभागापर्यंत प्रामुख्याने तीन वाटांनी येतो.

पहिली वाट मागणीची. अमेरिकेत रोजगार, उत्पादन व ग्राहकांचा खर्च यांचे आकडे उतरू लागले की तेथील कंपन्या सर्वप्रथम असा खर्च थांबवतात, जो पुढे ढकलता येतो. नवी संगणकप्रणाली बसविणे, जुनी बदलणे, सल्लागार नेमणे ही कामे या गटात मोडतात. रोजची देखभाल थांबत नाही, पण वाढ थांबते; आणि तंत्रज्ञान समभागाचा भाव वाढीच्या अपेक्षेवरच उभा असतो.

दुसरी वाट व्याजदराची. महागाईचा आकडा चढा आला की अमेरिकेची मध्यवर्ती बँक, फेडरल रिझर्व्ह, व्याजदर वाढवील अशी धारणा होते. व्याजदर वाढला की भविष्यात मिळणाऱ्या पैशाचे आजचे मोल घटते. बँकेच्या ग्राहकांना हे गणित नवे नाही. एका वर्षाने मिळणाऱ्या १०० रुपयांचे आजचे मूल्य ६ टक्के दराने ९४ रुपये ३४ पैसे होते. दर ८ टक्के झाला तर ते ९२ रुपये ५९ पैसे होते. घट दोन टक्क्यांच्याही आत. परंतु हेच १०० रुपये दहा वर्षांनी मिळणार असतील, तर ६ टक्के दराने त्यांचे आजचे मूल्य ५५ रुपये ८४ पैसे आणि ८ टक्के दराने केवळ ४६ रुपये ३२ पैसे ठरते. घट सुमारे १७ टक्के. ज्या कंपनीच्या नफ्याचा मोठा भाग दूरच्या वर्षांत अपेक्षित आहे, तिच्या समभागाला व्याजदराचा धक्का अधिक बसतो, तो या कारणाने. साबण किंवा बिस्किटे विकणाऱ्या कंपनीपेक्षा तंत्रज्ञान कंपनीचा भाव महागाईच्या आकड्याने अधिक हलतो, त्याचे एक मोठे कारण या गणितात आहे.

तिसरी वाट चलनाची. कंपनीचे उत्पन्न डॉलरमध्ये, तर वेतनाचा मोठा खर्च रुपयात. शंभर डॉलरच्या कामावर येथे ५,००० रुपये खर्च होत असतील, तर डॉलर ७५ रुपये असताना हाती २,५०० रुपये उरतात आणि ८२ रुपये असताना ३,२००. म्हणून रुपया उतरला की तंत्रज्ञान समभाग चढतात, असा एक ठोकताळा बाजारात रूढ झाला आहे.

ठोकताळ्यांवर विसंबणे किती धोक्याचे आहे, हे २०२२ या वर्षाने दाखविले. वर्षारंभी डॉलर सुमारे ७४ रुपये होता, वर्षअखेर तो ८२ रुपयांच्या पुढे गेला. ठोकताळ्याप्रमाणे तंत्रज्ञान समभाग वाढावयास हवे होते. प्रत्यक्षात त्या वर्षी निफ्टी निर्देशांक सुमारे ४ टक्के वाढला, तर माहिती तंत्रज्ञान निर्देशांक सुमारे २६ टक्के घसरला. कारण रुपया ज्या शक्तीने खाली ओढला गेला, त्याच शक्तीने या समभागांनाही खाली ओढले. फेडरल रिझर्व्हने मार्च २०२२ मध्ये शून्याजवळ असलेला व्याजदर वर्षअखेरपर्यंत ४.२५ ते ४.५० टक्क्यांवर नेला होता. तिसऱ्या वाटेने आलेला लाभ पहिल्या दोन वाटांनी आलेल्या हानीत वाहून गेला.

आकडा नव्हे, अपेक्षाभंग

‘बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी’ ही म्हण शेअर बाजाराला जितकी लागू पडते तितकी क्वचितच दुसरीकडे लागू पडत असेल. अहवाल येण्यापूर्वीच त्याचा अंदाज भावात मिसळलेला असतो. त्यामुळे आकडा चांगला की वाईट यापेक्षा तो अपेक्षेपेक्षा वेगळा आला का, यावर भावाची हालचाल ठरते. आरंभीच्या उदाहरणात महागाई घटूनही बाजार कोसळला, तो यामुळेच. पुढे १० नोव्हेंबर २०२२ रोजी ऑक्टोबरची महागाई ७.७ टक्के जाहीर झाली. हा दरही काही सुखावह नव्हता. पण अंदाजापेक्षा कमी होता. नॅसडॅक त्या एका दिवसात ७ टक्क्यांहून अधिक वाढला आणि दुसऱ्या दिवशी सेन्सेक्सने १,१८१ अंशांची उसळी घेतली.

याहून गोंधळात टाकणारी गोष्ट अशी की, एकाच प्रकारच्या आकड्याचा अर्थ काळानुसार उलटतो. २०२२ साली अमेरिकेत रोजगार वाढल्याची बातमी बाजाराला नकोशी वाटे, कारण रोजगार वाढला म्हणजे महागाई टिकणार आणि व्याजदर चढणार. दोनच वर्षांनी चित्र पालटले. २ ऑगस्ट २०२४ रोजी, शुक्रवारी, जुलै महिन्यात १ लाख १४ हजार नवे रोजगार निर्माण झाल्याचे व बेरोजगारीचा दर ४.३ टक्क्यांवर गेल्याचे जाहीर झाले. रोजगार मंदावल्याने व्याजदर उतरतील म्हणून आनंद व्हावा, तर या वेळी मंदीच्या भीतीने बाजार गडगडला. त्याच सुमारास जपानच्या मध्यवर्ती बँकेने व्याजदर वाढविला होता. स्वस्त जपानी कर्ज काढून जगभर केलेली गुंतवणूक घाईघाईने मोडली जाऊ लागली. सोमवारी, ५ ऑगस्टला, जपानचा निक्केई निर्देशांक १२ टक्क्यांहून अधिक आणि सेन्सेक्स २,२२२ अंशांनी कोसळला.

त्या सोमवारी घाबरून विक्री करणाऱ्यास पुढील दोन महिने कसे गेले असतील याची कल्पना करावी. सप्टेंबरच्या मध्यावर फेडरल रिझर्व्हने व्याजदर अर्ध्या टक्क्याने कमी केला आणि सप्टेंबर संपण्यापूर्वी सेन्सेक्सने नवा उच्चांक गाठला.

वरातीमागून घोडे

आर्थिक अहवालाविषयी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावयास हवी. तो अंतिम सत्य नसतो. रोजगाराचा मासिक आकडा पाहणीवर आधारित असतो आणि अधिक माहिती हाती येताच पुढील दोन महिन्यांत तो सुधारला जातो. शिवाय वर्षातून एकदा मोठी फेरजुळणी होते. २१ ऑगस्ट २०२४ रोजी अमेरिकेच्या श्रम सांख्यिकी विभागाने प्राथमिक फेरजुळणी जाहीर केली, तेव्हा मार्च २०२४ पर्यंतच्या बारा महिन्यांत आधी सांगितल्यापेक्षा ८ लाख १८ हजार रोजगार कमी असल्याचे निष्पन्न झाले. त्या बारा महिन्यांत दर महिन्याच्या आकड्यावर ज्यांनी खरेदी-विक्री केली, त्यांचे निर्णय पुढे बदललेल्या माहितीवर उभे होते. अहवाल मागच्या महिन्याची हकिकत सांगतो, भागधारकाचा निर्णय मात्र पुढच्या वर्षांसाठी असतो.

घड्याळ आपल्या बाजूला नाही

अमेरिकेचा रोजगार अहवाल सामान्यतः महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी येतो. तेथील उन्हाळ्यात आपल्याकडे सायंकाळचे सहा वाजलेले असतात आणि हिवाळ्यात सात. महागाईचा अहवालही त्याच वेळी येतो. फेडरल रिझर्व्हची बैठक वर्षातून आठ वेळा होते व तिचा निर्णय आपल्याकडे रात्री साडेअकरा किंवा साडेबारा वाजता कळतो. भारताचा ग्राहक किंमत निर्देशांकही महिन्याच्या १२ तारखेच्या सुमारास बाजार बंद झाल्यावर जाहीर होतो. याला ठळक अपवाद रिझर्व्ह बँकेच्या पतधोरण समितीचा. तिचा निर्णय सकाळी दहाला, बाजार सुरू असताना सांगितला जातो.

याचा अर्थ असा की, बहुतेक महत्त्वाचे आकडे भारतीय बाजाराचे दरवाजे बंद असताना येतात. सकाळी सव्वानऊला बाजार उघडतो, तेव्हा भाव आधीच खाली गेलेला असतो. अनेकांचा भरवसा ‘स्टॉप लॉस’ आदेशावर असतो. परंतु १,५०० रुपयांस बंद झालेला समभाग दुसऱ्या सकाळी थेट १,४२० ला उघडला, तर १,४६० रुपयांवर ठेवलेला आदेश १,४६० ला विक्री करून देऊ शकत नाही. विक्री उघडलेल्या भावाच्या आसपास होते. आणि आदेशात किमान भावाची अट घातलेली असेल, तर विक्री होतही नाही. मोठ्या वित्तसंस्था रात्रीही परदेशी बाजारांत व्यवहार करू शकतात. निवृत्त शिक्षकाला किंवा किराणा दुकानदाराला ते शक्य नाही. ज्या शर्यतीत आपण उशिरानेच उभे राहणार आहोत, ती न धावणे यात कमीपणा नाही.

देशाचा अहवाल आणि कंपनीचा अहवाल

मग अहवालांकडे पाहूच नये काय? तसे नाही. पाहावे, पण कोणता अहवाल काय सांगतो हे ओळखून. देशाचा आर्थिक अहवाल वाऱ्याची दिशा सांगतो. नौका किती भक्कम आहे, हे कंपनीचे तिमाही निकाल व पुढील वर्षाचा अंदाज सांगतात.

१२ एप्रिल २०१३ रोजी इन्फोसिसने पुढील वर्षी महसूल ६ ते १० टक्के वाढेल असे सांगितले. बाजाराची अपेक्षा त्याहून बरीच अधिक होती. समभाग एका दिवसात सुमारे २१ टक्के घसरला. त्या वर्षी पुढे रुपया घसरला, कंपनीचे निकाल सुधारले आणि वर्षअखेर समभागाचा भाव त्या घसरणीपूर्वीच्या पातळीच्या वर गेला. २०२३ साली पुन्हा तसाच प्रसंग आला. १३ एप्रिलला, गुरुवारी, कंपनीने ४ ते ७ टक्के वाढीचा अंदाज दिला. शुक्रवारी डॉ. बाबासाहेब आंबेडकर जयंतीची सुटी, नंतर शनिवार-रविवार. चार दिवसांनी, सोमवारी, समभाग ९ टक्क्यांहून अधिक खाली बंद झाला. अमेरिकेतील वाढलेल्या व्याजदरांचा व बँकांवरील संकटाचा परिणाम महिनोन्‌महिने आकड्यांतून डोकावत होता. तो आता कंपनीच्या स्वतःच्या अंदाजात उतरला होता. देशाच्या अहवालाची खरी उपयुक्तता हीच. एका महिन्याच्या आकड्याने विचलित न होता, सलग काही महिन्यांचा कल पाहिला, तर कंपनीच्या पुढील निकालांविषयी सावध होता येते.

सारे ओझे एकाच खुंटीवर

येथवरची चर्चा भावाच्या चढउताराची झाली. घराच्या दृष्टीने खरा धोका याहून खोल आहे. एक प्रातिनिधिक कुटुंब डोळ्यांसमोर आणावे. वडील इंदूर किंवा बडोद्यातून निवृत्त झालेले. मुलगा बंगळुरू, हैदराबाद अथवा हिंजवडी येथे माहिती तंत्रज्ञान कंपनीत नोकरीस. कुटुंबाच्या २० लाखांच्या बचतीपैकी १४ लाख रुपये त्याच कंपनीच्या समभागांत, कारण काही समभाग नोकरीत मिळालेले आणि उरलेले ‘घरची कंपनी’ म्हणून विकत घेतलेले. मुलाच्या नावावर ४० लाखांचे गृहकर्ज, मुदत वीस वर्षे, व्याजदर बदलता.

आता २०२२ चे वारे या घरावरून वाहू द्यावेत. समभाग निर्देशांकाइतकाच, २६ टक्के, घसरला तर १४ लाखांतील ३ लाख ६४ हजार रुपये गेले. त्याच जागतिक महागाईशी झुंजताना रिझर्व्ह बँकेने मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर ४ टक्क्यांवरून ६.५ टक्क्यांवर नेला. गृहकर्जाचा दर ७ टक्क्यांवरून ९.५ टक्के झाला असे धरले, तर पूर्ण मुदतीच्या हिशेबाने मासिक हप्ता सुमारे ३१,००० रुपयांवरून सुमारे ३७,३०० रुपयांवर जातो. आणि अमेरिकी ग्राहकांनी हात आखडता घेतल्यामुळे त्या वर्षी पगारवाढ लांबली, तर उत्पन्नही जागच्या जागी थांबते. बचत घटली, हप्ता वाढला, पगार थांबला. आणि या तिन्हींचे मूळ एकच. पगार, कर्ज आणि गुंतवणूक या तीन वस्तू वेगवेगळ्या दिसत असल्या तरी त्या एकाच खुंटीला टांगलेल्या होत्या.

अशा वेळी दोन चुका सर्रास घडतात. घाबरून सारे समभाग तळाच्या भावाला विकले जातात. किंवा, याच्या उलट, ‘भाव स्वस्त झाला’ म्हणून वडिलांची मुदत ठेव मोडून त्याच कंपनीचे आणखी समभाग घेतले जातात. दुसरी चूक पहिलीहून गंभीर आहे, कारण त्या ठेवीवर घराचे औषधपाणी अवलंबून असते.

धीर आणि हट्ट यांतील अंतर

पडलेला भाव नेहमीच परत येतो, असे समजणे हीदेखील फसवणूक होय. नॅसडॅक निर्देशांकाने मार्च २००० मध्ये ५,००० ची पातळी ओलांडून जो उच्चांक गाठला, तो ऑक्टोबर २००२ पर्यंत सुमारे ७८ टक्क्यांनी खचला आणि पुन्हा त्या उंचीवर बंद होण्यास एप्रिल २०१५ उजाडावे लागले. पंधरा वर्षे! त्यातही निर्देशांक सावरला. अनेक कंपन्यांची नावे मात्र काळाच्या ओघात पुसली गेली. तिशीतील नोकरदार पंधरा वर्षे थांबू शकतो. पासष्टीतील निवृत्तास ते परवडत नाही.

म्हणून भागधारकाने अहवालाच्या दिवशी नव्हे, तर शांत दिवशी स्वतःस चार प्रश्न विचारावेत. या समभागांतील पैसा येत्या पाच वर्षांत मुलीच्या शिक्षणास, घरास वा आजारपणास लागणार आहे काय? लागणार असेल, तर तो टप्प्याटप्प्याने ठेवीकडे वळविणे इष्ट. एकाच कंपनीत किंवा एकाच क्षेत्रात बचतीचा किती हिस्सा अडकला आहे? ज्या क्षेत्रातून पगार येतो, त्याच क्षेत्रात बचतही आहे काय? आणि कर्जाचा हप्ता एकदम पाच-सहा हजारांनी वाढला तर समभाग न विकता तो भरता येईल काय? या प्रश्नांची उत्तरे समाधानकारक असतील, तर सायंकाळी सहाचा आकडा कोणताही येवो, घराची झोप मोडण्याचे कारण नाही. उत्तरे अडखळत असतील, तर दोष आकड्याचा नव्हे, रचनेचा आहे. आणि रचना बदलणे आपल्या हाती आहे. हा बदल करताना कराचाही विचार हवा. बारा महिन्यांच्या आत विकलेल्या सूचीबद्ध समभागांच्या नफ्यावर कराचा दर अधिक असतो, हे घाईत विसरले जाते.

पुढील महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी पुन्हा एक अहवाल येईल. त्यातील आकडा वॉशिंग्टनमध्ये ठरेल, त्याचा अर्थ न्यूयॉर्कमध्ये लावला जाईल आणि सोमवारी सकाळी मुंबईत भाव हलेल. यातील कोणतीच गोष्ट भागधारकाच्या स्वाधीन नाही. वडिलांची ठेव कोठे आहे, कर्ज किती आहे आणि एका खुंटीवर किती ओझे टांगले आहे, हे मात्र पूर्णपणे त्याच्या स्वाधीन आहे.